लुक्काच्या तटावर सायकल चालते, मग आपल्या भुईकोटाच्या तटावर का नाही?

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच कळेल. मराठवाड्यातल्या तुमच्या तालुक्याच्या गावी भुईकोट आहे. बाहेरचा तट तीन बाजूंनी बऱ्यापैकी उभा आहे, चौथीकडे पडझड आहे. नगरपरिषदेने त्यावर वॉकिंग ट्रॅक, पेव्हर ब्लॉक, एलईडी दिवे, स्टीलचं रेलिंग आणि एका बुरजात कॅफे असा प्रस्ताव आणलाय. मुलाकडे इटलीला गेला होतात तेव्हा तुम्ही लुक्का शहराच्या तटावर सायकल चालवलीत, तिथल्या आजीबाई बाकांवर गप्पा मारत बसलेल्या पाहिल्यात. तेव्हापासून तुम्हाला वाटतंय की हे आपल्याकडेही व्हावं. तुमचे दुर्गभ्रमणवाले मित्र मात्र म्हणतात, तटाला हात लावला की तट संपला, आहे तसा राहू द्या. आणि तुम्ही विचारताय, बरोबर कोण?

मी जुन्या दगड-चुन्याच्या बांधकामांची दुरुस्ती करतो. माझ्या मते हा वाद चुकीच्या ठिकाणी चाललाय. वापर करायचा की नाही हा प्रश्न नंतरचा. तट उभा कापला तर आत काय दिसेल, हे आधी पाहायला हवं. आमच्याकडे त्याला छेद म्हणतात. तुमच्या प्रस्तावात वरून काढलेला नकाशा असेल, संध्याकाळच्या रंगात रंगवलेलं देखणं चित्रही असेल, पण छेद नसेल, असा माझा अंदाज आहे. बहुतेक प्रस्तावांत नसतो. आणि लुक्काचं सगळं यश त्या छेदात आहे.

लुक्काचा तट आपण ज्याला भिंत म्हणतो तशी भिंत नाहीच. तो मातीचा प्रचंड बांध आहे आणि त्याला बाहेरून विटांचा कवचासारखा थर आहे. घेर 4 किलोमीटरहून थोडा जास्त, उंची सुमारे 12 मीटर, आणि पायथ्याशी रुंदी सुमारे 30 मीटर. ही शेवटची संख्या पुन्हा वाचा. वरचा माथा इतका रुंद आहे की दोन्ही बाजूंना झाडांची रांग, मध्ये रस्ता आणि कडेला हिरवळ असं सगळं आरामात मावतं. मधूनमधून बाहेर आलेले 11 बुरूज तर स्वतःच छोट्या बागांएवढे आहेत.

एवढा जाड का? तोफांमुळे. मध्ययुगातली उंच, सडपातळ दगडी भिंत तोफेच्या गोळ्याने तडकते. मातीचा जाड बांध गोळा पोटात घेतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत फिरत्या तोफा आल्या आणि शहरांनी आपले तट नव्याने बांधायला काढले. लुक्का हे छोटं प्रजासत्ताक होतं, शेजारी बलाढ्य फ्लोरेन्स. त्याच्या धास्तीने त्यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू केलं आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते चाललं. शंभराहून जास्त वर्षं. गंमत म्हणजे एवढं करून या तटाला कधी वेढा पडलाच नाही. त्याने परतवलेला सगळ्यात मोठा हल्ला सेर्कियो नदीचा: 1812च्या पुरात दरवाजे लावून घेतले, फटी बुजवल्या आणि शहर कोरडं राहिलं. तेव्हा लुक्कावर नेपोलियनची बहीण एलिझा राज्य करत होती. ती बाहेर अडकली होती आणि तिला यारीने उचलून तटावरून आत घ्यावं लागलं, असं तिथले लोक रंगवून सांगतात.

झाडांचं पाहा. तटावर फिरायला सावली हवी म्हणून नंतर कुणीतरी झाडं लावली असं आपल्याला वाटतं. पण तट लढाऊ होता तेव्हापासूनच त्यावर झाडं होती, मुख्यतः पॉपलर. मुळांनी भराव धरून ठेवायचा आणि वेढा पडलाच तर लाकूड हाताशी असावं, असा दुहेरी हिशेब. मातीच्या बांधावर झाड तटाच्या उपयोगी पडतं. तेच झाड आपल्या दगडी तटावर उगवलं तर काय करतं, ते पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकात तटाची लष्करी किंमत संपली. एलिझाने आणि तिच्यानंतर आलेल्या बूर्बों घराण्याच्या डचेस मारिया लुइझाने तो फिरण्यासाठी करून घेतला; वास्तुविशारद होता लोरेन्झो नोतोलिनी. या कामात नवं बांधकाम फारच थोडं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तटाचा माथा आधीपासून रस्ताच होता. त्यावरून सैनिक, दारूगोळा, तोफांचे गाडे एका बुरजावरून दुसऱ्याकडे न्यायचे असत. शहरातून वर चढायला उतार होते. तोफेचा गाडा पेलणाऱ्या बांधाला माणसांचं आणि सायकलींचं काय ओझं? झाडांच्या रांगा नीट केल्या, पृष्ठभाग सारखा केला, बसायला जागा केल्या. जे होतं त्याचा धनी बदलला, काम तेच राहिलं. पुढे इटलीच्या एकीकरणानंतर तट सरकारच्या मालकीचा झाला आणि नगरपालिकेने तो सरकारकडून विकत घेतला. त्या व्यवहाराकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तुमच्या गावातली निम्मी भांडणं मालकीचीच असणार.

दरवाजांचंही असंच. जुन्या तटाला दरवाजे तीनच होते. शहर वाढलं, रहदारी वाढली, तेव्हा त्यांनी जुनी दारं रुंद करून फोडली नाहीत. तटात नव्या जागी नवे दरवाजे काढले. एलिझाच्या नावाचा पूर्वेकडचा दरवाजा त्यातलाच. आज एकूण सहा आहेत. छत्रपती संभाजीनगरात काही जुन्या दरवाजांच्या कमानींतून अजून वाहनं जातात, बस-ट्रक कमानीला घासतात, तिथे हा धडा कामाचा आहे. शंभर-दीडशे वर्षांनी तटाला आणखी एक भोक पडलं याचं फारसं वाईट वाटत नाही, पण मूळ कमानीचा दगड निखळला तर तो परत येत नाही.

तटाच्या बाहेरचा हिरवा पट्टाही तुम्ही पाहिला असेल. तो शोभेसाठी सोडलेला नाही. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तोफेच्या माऱ्याच्या टप्प्यातली घरं, झाडं हटवून मोकळी ठेवलेली ती जमीन. युद्धाची गरज संपल्यावरही लुक्काने त्यावर इमारती होऊ दिल्या नाहीत. आज तिथे लोक धावतात, कुत्री फिरवतात, आणि 2017मध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा जलसा झाला तोही तटाबाहेरच्या या मोकळ्या मैदानावर. हजारोंची गर्दी तटावर चढवली नाही, तटाच्या पायथ्याशी उभी केली आणि तट मागे पडद्यासारखा ठेवला. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्या मुंबईत याचं नेमकं उलट झालं. फोर्टची तटबंदी 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात पाडली. चर्चगेट हे नाव राहिलं, दरवाजा गेला. पण तटासमोर मोकळं ठेवलेलं मैदान, एस्प्लनेड, पूर्ण गेलं नाही. ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानं त्याचेच तुकडे. ओव्हलवर रविवारी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना आपण तोफेच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत बॅटिंग करतोय हे माहीत नसतं, पण तटबंदीचा सार्वजनिक वापर म्हणतात तो हाच. तुमच्या भुईकोटाचा विचार करताना तटाइतकंच खंदकाकडे आणि खंदकापलीकडच्या जागेकडे बघा, हे म्हणतोय ते यासाठी.

आता तुमच्या तटाचा छेद. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही, कारण दख्खनच्या भुईकोटांतही प्रकार आहेत. पण सर्वसाधारण रचना अशी: बाहेर घडीव दगडाचा एक पदर, आत दुसरा पदर, आणि दोन्हींच्या मध्ये दगडगोटे, चुना, माती यांची भर. वर माथ्यावर चालायची वाट, म्हणजे फांजी. बाहेरच्या कडेला चर्या (माथ्यावरचे आडोशाचे कंगोरे) आणि जंग्या (बंदूक रोखायची भोकं). आतल्या कडेला बहुधा काहीच नाही, सरळ खाली जमीन. फांजीवर चुन्याचा कोबा, म्हणजे चोपून घट्ट केलेला थर, त्याला आतल्या बाजूला किंचित उतार आणि पाणी लांब फेकणाऱ्या दगडी पन्हळी. ही भिंत पहारेकऱ्यांसाठी होती. एका वेळी चार-सहा माणसं, हातात भाला नाहीतर बंदूक. तोफा असायच्या त्या बुरजांवर.

या भिंतीचा खरा शत्रू पाणी आहे. कोबा फुटला, पन्हळी बुजल्या की पावसाचं पाणी भरीत उतरतं. चुना विरघळत जातो, मातीचे कण खाली बसतात, दोन्ही पदरांवर आतून दाब येतो आणि बाहेरचा पदर हळूहळू फुगतो. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट आलं. ते पोट एखाद्या जोरदार पावसात फुटतं आणि मग पेपरात बातमी येते की तट अचानक कोसळला. अचानक काही नसतं. वरच्या फटींत रुजलेला पिंपळ किंवा उंबर तेच काम मुळांनी करतो. लुक्कात झाडं भराव धरतात, इथे पदर सुटे करतात. झाड तेच, छेद वेगळा. आणि म्हणूनच तुमच्या मित्रांचं "आहे तसा राहू द्या" मला पटत नाही. तट आहे तसा राहत नाही. दर पावसाळ्यात थोडा जातो.

पण मग पेव्हर ब्लॉकचं काय? मी हे एका गावात जवळून पाहिलंय. फांजीवरचा शिल्लक कोबा खरवडून काढला, त्यावर भुकटी पसरली, पेव्हर बसवले, कडेला सिमेंटची पट्टी ओढली. दिसायला छान. पण पेव्हरच्या सांध्यांतून पाणी खाली जातं, खाली कोबा उरलेला नाही, आणि सिमेंटच्या पट्टीने पन्हळींची तोंडं बंद. म्हणजे सगळं पाणी थेट भरीत. बाहेरच्या दर्जाही, म्हणजे दगडांमधले सांधेही, सिमेंटने भरून टाकल्या होत्या, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा उरली नाही. भिजलेल्या गोणीचं तोंड शिवून टाकल्यासारखं झालं ते. बाहेरच्या पदराला पोट आलं, मग तो भाग पत्रे लावून बंद करावा लागला. ट्रॅकही गेला आणि तटही.

म्हणून माझ्याकडे असा प्रस्ताव आला तर पहिली अट एकच: फांजीवर जे काही घालाल त्याने पाणी अडायला हवं आणि ते पन्हळीतून बाहेर जायला हवं. त्यासाठी जुनीच रीत सगळ्यात स्वस्त पडते: चुना, विटांची सुर्खी (भुकटी), बारीक खडी यांचा नवा कोबा, चोपणीने घट्ट चोपलेला, जुन्या उतारात. चुना घाण्यात (दगडी चाक फिरवून चुना मळतात त्या गोल चरात) मळायचा आणि भिजत ठेवायचा. त्यात गूळ, बेल, हिरडा काय घालायचं यावर कारागिरांचे वाद कधी संपत नाहीत, पण उतार आणि चोपणं या दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत असतं. दर्जा चुन्यानेच भरायच्या. यावर माणसं खुशाल चालतील. तुम्हाला वेगळा ट्रॅक लागणारच नाही.

माणसं किती, हा पुढचा मुद्दा. गर्दी जमू शकते अशा जागेसाठी आपली मानकं दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो भार धरायला सांगतात. चांगल्या स्थितीतला दोन-तीन मीटर जाडीचा तट तो पेलतो. पोट आलेला, भर निसटलेला तट पेलेलच असं नाही. शिवाय गर्दी सारखी पसरत नाही. सूर्यास्ताला सगळे पश्चिमेच्या बुरजावर, आणि सेल्फी पॉइंट केला की सगळे त्या एका कोपऱ्यात. त्यामुळे सेल्फी पॉइंट नावाची पाटी तटावर लावूच नका. लोक फोटो काढतातच, त्यांना जागा दाखवावी लागत नाही.

रेलिंगबद्दल तुम्ही विशेष विचारलंय. आतल्या कडेला ते लागेल. लहान मुलं, म्हातारी माणसं वर येणार असतील तर पर्याय नाही. पण ते फांजीच्या काठाच्या दगडात भोकं पाडून, रासायनिक अँकर (रसायनाने दगडात पक्के बसणारे बोल्ट) ठोकून उभं करायचं की स्वतःच्या वजनावर उभ्या बैठकीत बसवायचं, यात सगळा फरक आहे. काठाचा दगड हा भिंतीचा सगळ्यात कमकुवत दगड. त्यात भोक पाडलं आणि गर्दी रेलिंगला टेकली तर दगड रेलिंगसकट खाली. मी बैठकीवालं घेतो, ते नंतर उचलूनही नेता येतं. यॉर्कला इंग्लंडमध्ये शहराचा मध्ययुगीन तट आजही फिरायला खुला आहे, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. तिथली वाट अरुंद आहे आणि कित्येक ठिकाणी आतल्या बाजूला रेलिंगच नाही. त्यांनी दुसरा उपाय केलाय: अंधार पडताना दरवाजे बंद, आणि बर्फ असेल तर दिवसाही बंद. वापराची वेळ मर्यादित ठेवणं हा संरक्षणाचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. तो आपल्या प्रस्तावांत कधीच का नसतो, देव जाणे. बहुधा त्याचं टेंडर निघत नाही म्हणून.

जगातल्या इतर तटांची उदाहरणं लोक तोंडावर फेकतात, त्यांचाही छेद बघत जा. चीनमधल्या शीआनच्या तटावर सायकली भाड्याने मिळतात. तो ठासलेल्या मातीचा, विटांनी मढवलेला, माथा 12 मीटरच्या वर रुंद. म्हणजे लुक्काच्याच जातीचा. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकचा तट दगडी, साधारण दोन किलोमीटर. त्याच्यावर सायकल नाही, तिकीट आहे, आणि सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं असा नियम आहे. अरुंद वाटेवर समोरासमोर लोक आले की कुणीतरी काठावर जातं, म्हणून. तुमच्या तटाला नमुना हवा असेल तर यॉर्क आणि दुब्रोव्निक घ्या, लुक्का नको. आपल्या शनिवारवाड्याच्या तटावरूनही लोक फिरतात, कुणी तिथे ट्रॅक मागितलेला नाही.

अर्थात अपवाद आहे. काही भुईकोटांत तटाच्या आतल्या बाजूला मातीचा मोठा भराव असतो, किंवा दोन तटांच्या मधली जागा भरलेली असते. तुमच्याकडे तसा एखादा पट्टा असेल, तर तिथे लुक्कासारखं काहीतरी करता येईल: सावलीची झाडं (तटाच्या दगडापासून लांब), बाक, मातीची वाट, व्हीलचेअर जाईल असा उतार. भराव मूळचा आहे की नंतरचा राडारोडा, हे मात्र दोन-तीन जागी चाचणी खड्डे घेऊन पुरातत्त्व खात्याच्या माणसासमोर तपासा. राडारोड्याखाली जुनी बांधकामं सापडण्याची शक्यता असते. तिथे पोकलेन घातला की संपलं.

दिवे. तटाला खालून वर मारलेला रंगीत प्रकाश मला वैयक्तिकरीत्या आवडत नाही, पण हा आवडीचा भाग झाला. तांत्रिक आक्षेप वेगळा आहे: जंग्यांत आणि दर्जांत केबल ठोकतात, पाइप टाकायला फांजीत चर खणतात, आणि वटवाघळं, घुबडं, पिंगळे यांचं राहतं घर उजळून टाकतात. तट अंधार पडल्यावर बंदच होणार असेल तर वर दिव्यांची गरज काय? दिवे पायथ्याच्या वाटेवर लावा, कमी उंचीचे, खाली प्रकाश टाकणारे. बायका-मुली संध्याकाळी तिथेच चालणार आहेत. गावात विचारा, त्यांना तटावर एकांतात चालायला आवडेल की जिथून रस्ता दिसतो अशा खालच्या वाटेवर. माझा अनुभव सांगतो, खालच्या.

मालकी आणि परवानगी हा भाग मी थोडक्यात उरकतो, पण तो करा मात्र सगळ्यात आधी. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असेल तर 1958च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. तटावर कॅफे तर विचारूच नका. राज्य संरक्षित असेल तर 1960चा राज्याचा कायदा आणि पुरातत्त्व संचालनालय. यादीत नसेल तर महसूल खातं, नगरपरिषद, वक्फ, खाजगी वारस, लष्कर, कुणीही असू शकतं. अहिल्यानगरचा भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. कित्येकदा तट एकाचा, खंदक दुसऱ्याचा आणि बुरजाला टेकून बांधलेली घरं तिसऱ्यांची. लुक्कात नगरपालिकेने तट विकत घेतला म्हणजे एक झालं: पाणी मुरतंय अशी तक्रार आली की ती कुणाच्या टेबलावर जायची हे ठरलेलं होतं. तुमच्याकडे ते टेबल कुठलं, हे लेखी मिळवा. ते मिळत नसेल तर ट्रॅकचं सोडाच, गवत काढायलाही कुणी येणार नाही.

बुरजातल्या खोल्यांचा वापर मात्र मला आवडतो, योग्य ठिकाणी. लुक्काच्या बुरजांच्या पोटात कमानी-घुमटांच्या मोठ्या कोठ्या आहेत, त्यांतल्या काही वाटा आज पादचारी शहरात यायला वापरतात. स्टेशनकडून येणारे लोक हिरवळ ओलांडून तटाच्या पोटातून थेट गावात शिरतात. बुरजांवरच्या जुन्या पहाऱ्याच्या चौक्यांत कार्यालयं, प्रदर्शनं असतात. आपल्या जवळचं उदाहरण गोव्यातला रेइश मागुश. तो शहराचा तट नव्हे, मांडवीच्या काठचा किल्ला. 1993पर्यंत तुरुंग होता. इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि हेलन हॅम्लिन ट्रस्ट यांच्या मदतीने दुरुस्त होऊन 2012मध्ये लोकांसाठी उघडला, आणि आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांचं दालन आहे. जांभ्या दगडावर चुन्याचा गिलावा परत चढवला, कारण जांभा उघडा पडला की पाणी पितो. आपल्याकडे दगड उघडा दिसला म्हणजे जुना आणि खरा अशी एक समजूत आहे. तिच्यापायी कित्येक ठिकाणी चांगला गिलावा सोलून काढलाय.

कॅफेची अडचण चहाची नाही, सांडपाण्याची आहे. स्वयंपाकघर आलं की पाणी आलं, नळ आले, तेलकट निचरा आला, गॅसच्या टाक्या आल्या, आणि लोक जास्त वेळ थांबले की शौचालय आलं. हे सगळं तटाच्या छेदात बसवायचं म्हणजे भिंतीत पाण्याचा नवा झरा सोडायचा. बुरजात पुस्तकांचं छोटं दालन, गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन, अभ्यासिका, शाळेच्या पोरांसाठी मोडी लिपीचा वर्ग, हे चालेल. कोरडे वापर सगळे चालतील. चहाची टपरी खंदकापलीकडे, नियमात बसेल तिथे, आणि शौचालय तिच्या शेजारी. लोक तेवढं चालतात.

तेव्हा नगरपरिषदेच्या सभेत मी तुमच्या जागी असतो तर प्रस्तावाला विरोधही केला नसता आणि टाळ्याही वाजवल्या नसत्या. मागण्या अशा केल्या असत्या: तटाचे किमान चार ठिकाणचे छेद मोजून काढा, भेगांवर काचपट्ट्या (भेग वाढली की तडकणाऱ्या) बसवून एक पूर्ण पावसाळा निरीक्षण करा, पन्हळी उघडा आणि फांजीचा कोबा चुन्यात करा, पिंपळ-उंबर उपटू नका, कापून मूळ जागेवरच मारा, कारण उपटताना दगड सोबत येतात. एवढं झाल्यावर सगळ्यात धड असलेला एकच पट्टा, दोन बुरजांमधला, दिवसा लोकांसाठी उघडा. बाकीच्या निधीतून खंदकाबाहेरून गावाला वळसा घालणारी मातीची वाट करा, झाडं आणि दिवे तिथे. गाव रोज सकाळी चालेल ते या खालच्या वाटेवर, आणि पाहुणे आले की त्यांना घेऊन वरच्या पट्ट्यावर चढेल.

राज्य संरक्षित स्मारक असेल तर "महाराष्ट्र वैभव" संगोपन योजनेत स्थानिक संस्थेला देखभालीचा वाटा घेता येतो, तीही चौकशी करा. तुमच्या त्या ट्रेकिंगच्या ग्रुपला मी आधी तिथे जोडलं असतं. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणं आणि पावसाळ्यानंतर भिंतीतली रोपं काढणं, ही दोन कामं दरवर्षी कुणीतरी नेमाने करायला लागतात. पण रोपांना हात लावण्याआधी खात्याची लेखी परवानगी घ्या, नाहीतर तट वाचवायला गेलेल्या पोरांवरच गुन्हा दाखल व्हायचा.